बत्तीस कार्डांतले आकाश: एका जुन्या तारकाचित्रसंचाच्या नव्या आवृत्तीविषयी

गेल्या दिवाळीनंतर मी ऑनलाइन एक खोका मागवला. लंडनमध्ये १८२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युरेनियाज मिरर’ या तारकाचित्रांच्या संचाची ही नवी छपाई असून खोक्यात ३२ रंगीत कार्डे, एक पातळ पुस्तिका आणि मराठीत छापलेले एक चारपानी माहितीपत्रक आहे. किंमत २,६५० रुपये पडली आणि दापोलीपर्यंतचा टपालखर्च वेगळा. एवढ्या किमतीला घेतलेल्या वस्तूविषयी चार महिने वापरल्याशिवाय लिहू नये, म्हणून थांबले होते. आता हिवाळ्यातले आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीचे आकाश या कार्डांशी पडताळून झाले आहे.

मी दापोली तालुक्यातील मुरुडची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि आता घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. रात्री जेवणे झाली की पाहुणे पुळणीवर जातात, आणि मुंबई-पुण्याच्या माणसांना इतके तारे एकदम दिसले की ‘यातले सिंह कुठे, विंचू कुठे’ हा प्रश्न ठरलेला असतो. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित १८५३ साली याच गावात जन्मले, त्यामुळे आमच्या गावाने या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असे उत्तर देणे शोभत नाही. पाहुण्यांच्या हातात काहीतरी देता यावे, हा खरेदीमागचा हेतू होता. तो हेतू किती साधला आणि भलतेच काय हाती लागले, ते पुढे येईलच.

या कार्डांची मूळ कल्पना फार गोड आहे. प्रत्येक कार्डावर तारकासमूहाचे चित्र असते, आणि चित्रातील ताऱ्यांच्या जागी कागदाला आरपार भोके पाडलेली असतात. कार्ड दिव्यासमोर धरले की चित्र अंधारात बुडते आणि तेवढे तारे लुकलुकतात. मूळ संचात तेजस्वी ताऱ्याला मोठे आणि अंधुक ताऱ्याला लहान भोक होते. पडवीतल्या झिरोच्या बल्बसमोर मी पहिल्यांदा कार्ड धरले, ते २९ क्रमांकाचे, ओरायनचे. उजव्या हातात सोटा उगारलेला, डाव्या हातावर सिंहाचे कातडे घेतलेला तो दांडगा शिकारी एका क्षणात नाहीसा झाला आणि त्या जागी आमचा मृग उभा राहिला. काक्षी आणि राजन्य हे त्यातले दोन तेजस्वी तारे ओळखू आले. कमरपट्ट्याचे तीन तारे मात्र ओळखू आले नाहीत, कारण भोके चित्रापासून जवळजवळ अर्धा सेंटीमीटर खाली सरकली होती. शिकाऱ्याचा पट्टा मांडीवर आला होता. या दोषाविषयी पुढे लिहिते, कारण त्याची हकिकत लांबली.

कार्डांची छपाई उत्तम आहे. सिडनी हॉल या कोरक्याच्या बारीक रेषा स्पष्ट उमटल्या आहेत, रंग भडक केलेले नाहीत आणि कागद जाड आहे. भोके लेझरने कापलेली असावीत, कारण भिंगातून पाहिले की प्रत्येक भोकाच्या कडेला करपलेली तपकिरी रेघ दिसते. भोकांचे आकार मात्र तीनच आहेत, त्यामुळे तेजस्वितेच्या पायऱ्या पुसल्या गेल्या आहेत. रोहिणी आणि तिच्या शेजारचे सामान्य तारे यांतला फरक कार्डावर जाणवत नाही. मूळ कल्पनेचा अर्धा प्राण या आकारभेदातच होता, हे उत्पादकाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा. आकाश ओळखण्याचे साधन म्हणून हा संच मुरुडच्या पुळणीवर जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि याच कारणामुळे तो मला आवडला.

ही कार्डे लंडनच्या माणसासाठी काढलेली आहेत. लंडन साडेएकावन्न अंश अक्षांशावर, मुरुड पावणेअठरा अंशांच्या आसपास. तिकडे सप्तर्षी वर्षभर मावळत नाहीत. आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी ते दिसतच नाहीत. तिकडे ध्रुव डोक्याच्या बऱ्यापैकी जवळ, इकडे तो माडांच्या शेंड्यांत शोधावा लागतो. कार्डावरचा ओरायन ताठ उभा आहे, पण आमच्याकडे तो उगवतो आडवा आणि मावळतोही आडवाच. एप्रिलच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास तो समुद्रावर कुशीवर झोपल्यासारखा दिसतो, आणि कार्ड नव्वद अंशांत फिरवून धरल्याशिवाय पाहुण्यांना काहीच जुळत नाही. वृश्चिकाचे २३ क्रमांकाचे कार्ड पाहावे तर विंचवाची नांगी मूळ गिऱ्हाइकाला क्षितिजाच्या धुक्यात कधी नीट दिसली असेल असे वाटत नाही. आमच्याकडे ज्येष्ठेपासून मूळ नक्षत्रापर्यंतचा सगळा आकडा जूनचे ढग येण्यापूर्वी स्वच्छ दिसतो.

सर्वांत मोठी उणीव दक्षिणेची आहे. संचात ब्रिटनमधून दिसणारेच तारकासमूह घेतले असल्यामुळे त्रिशंकूचे कार्डच नाही. मे महिन्यात रात्री नऊ-साडेनऊला दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकू दाखवला की पाहुणे हमखास विचारतात, ‘याचे कार्ड कोणते?’ अगस्त्याचीही तीच गत. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात साडेनऊच्या सुमारास अगस्त्य आमच्या पुळणीवरून दक्षिणेला सुमारे वीस अंश वर असतो. अगस्त्याच्या उदयाने पाणी निवळते ही समजूत कालिदासाच्या ‘रघुवंशा’तही आली आहे, आणि पावसाळ्यानंतर विहिरीचे गढूळ पाणी स्वच्छ झाले की आमच्या घरातली जुनी माणसे अगस्त्याचेच नाव घेत. लंडनच्या क्षितिजावर मात्र हा तारा येतच नाही. ग्रीक कथांतल्या ज्या आर्गो नौकेचा तो सुकाणू मानला गेला, त्या नौकेचा तुकडा तेवढा ३२व्या कार्डाच्या वाट्याला आला आहे.

खोक्यावर ‘तुमच्या अंगणातून तारे ओळखा’ असे छापले आहे. अंगण कोणाचे, हे छापलेले नाही.

परंतु हाच खोका चित्रांचा इतिहास म्हणून उघडला, तर २,६५० रुपये मला जास्त वाटत नाहीत. इथे माहितीपत्रकावर विसंबू नये, कारण त्यात ‘हे सर्व तारकासमूह ग्रीकांनी निर्माण केले’ असे एक ढोबळ आणि चुकीचे वाक्य आहे. बैल, सिंह आणि विंचू ग्रीकांच्याही आधी बाबिलोनी लोकांच्या आकाशात होते. टॉलेमी या ग्रीक ज्योतिर्विदाने इसवी सन १५०च्या सुमारास ‘अल्माजेस्ट’ या ग्रंथात ४८ तारकासमूह नोंदवले, ते आधीच्या परंपरेची वही नीट लिहून काढावी तसे. या वहीत ताऱ्यांची जागा शरीराच्या अवयवांवरून सांगितलेली असे: उजव्या खांद्यावरचा, डाव्या पायाचा, शेपटीच्या टोकाचा. चित्र हे त्या काळी सजावटीचे अंग नव्हते, तो ताऱ्याचा पत्ता होता. अरबी विद्वानांनी ग्रंथ जपला आणि हे पत्तेच पुढे नावे झाली. रायजेल म्हणजे पाय, डेनेब म्हणजे शेपटी, फोमलहॉट म्हणजे माशाचे तोंड. २९व्या कार्डावर राजन्याचे भोक शिकाऱ्याच्या डाव्या पावलावर आहे, हे पाहिल्यावर रायजेल हे नाव विसरणे कठीण. (माझ्या प्रतीत ते पावलाच्या किंचित खाली होते, पण तो दोष अरबांचा नव्हे.)

पत्ता अवयवांवरून सांगायचा, तर माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे की पाठ करून, हा प्रश्न मोलाचा ठरतो. आकाशाचा गोल बाहेरून पाहिला तर चित्र आरशातल्यासारखे उलटते. दहाव्या शतकात अल-सूफी या इराणी ज्योतिर्विदाने यावर सरळ तोडगा काढला: प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रे, एक जमिनीवरून दिसते तसे आणि एक गोलावर दिसते तसे. युरोपात ड्युरर या जर्मन चित्रकाराने १५१५ साली आकाशाचे लाकडी ठसे छापले, ते बाहेरून पाहिलेल्या गोलाचे. जर्मनीच्या बायरने १६०३ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या ५१ नकाशांचा संग्रह काढला आणि ताऱ्यांना ग्रीक अक्षरे देण्याची आजही चालू असलेली पद्धत घातली. परंतु अनेक आकृत्या त्याने पाठमोऱ्या काढल्यामुळे टॉलेमीचा उजवा खांदा डावा झाला. इंग्लंडचा ज्योतिर्विद फ्लॅमस्टीड यावर चांगलाच चिडलेला होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १७२९ साली निघालेल्या संग्रहात आकृत्या पुन्हा टॉलेमीच्या वर्णनाप्रमाणे वळवल्या गेल्या. आमच्या कार्डांवरची माणसे आपल्याकडे तोंड करून आहेत, ती या भांडणाचा निकाल लागल्यानंतरची आहेत म्हणून. ही कार्डे बहुतांशी अलेक्झांडर जेमिसनच्या १८२२च्या नकाशांवरून उतरवलेली आहेत, आणि मुखपृष्ठावर त्यांची कर्ती म्हणून ‘एक स्त्री’ एवढेच म्हटले होते. ती ‘स्त्री’ म्हणजे रग्बी शाळेतले एक मास्तर, रिचर्ड राउझ ब्लॉक्सम, हे लंडनच्या ज्योतिर्विद संस्थेच्या जुन्या कागदांतून १९९४च्या सुमारास उजेडात आले. शाळामास्तराने आकाशाची कार्डे काढावीत आणि नाव झाकून ठेवावे, याची गंमत मला जरा अधिकच वाटली, हे कबूल करते.

संचातील सर्वांत श्रीमंत कार्ड शेवटचे, ३२ क्रमांकाचे आहे. वासुकीचा लांबलचक देह आडवा पसरला आहे आणि त्याच्या अंगाखांद्यावर इतकी गर्दी आहे की होळीच्या पालखीची आठवण व्हावी. पाठीवर चषक आणि कावळा (हा कावळा म्हणजे आपले हस्त नक्षत्र), शेपटीजवळ घुबड, पोटाखाली मांजर, शेजारी हवा काढण्याचा पंप. घुबडाच्या जागी आधी दुसराच पक्षी होता. फ्रान्सच्या ल मॉनिएने १७७६ साली तिथे एक एकलकोंडा पक्षी बसवला होता, तो जेमिसनने उडवून घुबड आणले. मांजर लालांदचे. या फ्रेंच ज्योतिर्विदाला मांजरे अतिशय प्रिय होती, म्हणून १७९९ साली त्याने आकाशात एक मांजर घातले आणि जर्मनीच्या बोडेने १८०१च्या आपल्या भव्य संग्रहात ते काढलेही. पंप लाकाइ या फ्रेंच ज्योतिर्विदाचा. १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होपला राहून त्याने दक्षिणेकडचे जवळजवळ दहा हजार तारे मोजले आणि देवदेवता बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शक, दुर्बीण, घड्याळ अशी उपकरणे आकाशात मांडली. त्याच्या १४ आकृत्यांत भूगोलातला एकच आकार आहे, टेबल माउंटन.

या गर्दीत राजेही आहेत. पाचव्या कार्डावर फ्रेडरिक राजाचा गौरव, बाराव्यावर पोनियाटोव्हस्की राजाचा बैल, अठ्ठाविसाव्यावर जॉर्ज राजाची वीणा. ज्योतिर्विदांनी आपापल्या राजाला खूश करण्यासाठी तारे वाटले, आणि आमच्याकडच्या नाक्यावरचे वाढदिवसाचे फलक पाहणाऱ्याला यात नवल वाटू नये. यांतले एकही नाव टिकले नाही. टिकली ती फक्त हेवेलियस या ज्योतिर्विदाने पोलंडच्या सोबिएस्की राजासाठी घातलेली ढाल, तीही राजाचे नाव गळून नुसती ‘ढाल’ म्हणून. १९२२ साली आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विद संघटनेने ८८ तारकासमूहांची यादी ठरवली आणि पुढे बेल्जियमच्या देलपोर्टने आखलेल्या सीमा १९३० साली प्रसिद्ध झाल्या. घुबड, मांजर, सव्विसाव्या कार्डावरचा विमानफुगा आणि एकतिसाव्यावरचा छापखाना तेव्हा बाहेर पडले. मांजराला थोडी नुकसानभरपाई मिळाली: २०१८ मध्ये त्याच भागातल्या एका ताऱ्याला अधिकृतपणे ‘फेलिस’ (मांजर) हे नाव दिले गेले. दहाव्या कार्डावरचे भिंतीवरचे चतुर्थांश यंत्र (क्वाड्रंट, ताऱ्यांची उंची मोजण्याचे साधन) हेही यादीतून गेले, पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पडणाऱ्या उल्कावर्षावाला अजून त्याच यंत्राचे नाव आहे, क्वाड्रंटिड्स. ४ जानेवारीला पहाटे साडेचारला शाल गुंडाळून मी दोन पाहुण्यांना घेऊन पुळणीवर बसले होते. तासाभरात अकरा उल्का दिसल्या आणि हातात दहावे कार्ड होते. पैसे तिथेच वसूल झाले.

ग्रीक चित्रे आणि आपली चित्रे शेजारी ठेवली की मौज वाढते. जिथे त्यांना शिकारी दिसतो तिथे आपल्याला हरिण दिसते. चार तारे त्याचे पाय, आणि पट्ट्याचे तीन तारे त्याच्या पोटात घुसलेला बाण. ऐतरेय ब्राह्मणात हा तीन कांड्यांचा बाण आला आहे. त्यांचा कुत्रा म्हणजे आपला व्याध, म्हणजे शिकारी. एकाच जागी त्यांचा पारधी आणि आपले सावज. सहाव्या कार्डावर पर्सियस मेडुसाचे कापलेले मुंडके हातात धरून उभा आहे, पाचव्यावर अँड्रोमेडाला साखळदंड आहेत. मराठी आकाशप्रेमींनी या ग्रीक कुटुंबाच्या जागी महाभारतातले कुटुंब बसवले: पर्सियसचा ययाती, अँड्रोमेडाची देवयानी, कॅसिओपियाची शर्मिष्ठा, सेफियसचा वृषपर्वा. तिकडे आई आणि मुलगी असलेल्या दोघी इकडे सवती झाल्या आणि साखळदंड सुटले. माझी आजी मात्र यांपैकी कोणालाच ओळखत नव्हती. ती सप्तर्षींच्या चौकोनाला म्हातारीची बाज आणि शेपटीच्या तिघांना बाज पळवायला आलेले चोर म्हणत असे. कार्डावर तिथे लांब शेपटीचे अस्वल आहे, आणि इतक्या लांब शेपटीचे अस्वल आजीने मान्य केले नसते.

दक्षिणेची कार्डे संचात असती, तर कोकणच्या वाचकाला आणखी एक धागा मिळाला असता. दक्षिणेकडचे मोर, टूकन, उडता मासा असे बारा तारकासमूह १५९५ साली मसाल्याच्या शोधात निघालेल्या पहिल्या डच सफरीतल्या कायझर आणि हौटमन यांच्या निरीक्षणांवरून आले. पुढे डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली आणि तिच्या पडक्या भिंती आजही पाहता येतात. व्यापार आणि तारे एकाच गलबतातून हिंडत होते, हे समुद्रकाठच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता हकिकत. २९व्या कार्डाचे छायाचित्र काढून मी विक्रेत्याला पाठवले. पहिले उत्तर आले की ‘हाताने बनवलेल्या वस्तूत किरकोळ फरक राहतात’. भोके लेझरची आहेत हे मी कळवल्यावर दुसरे उत्तर आले की परत करण्याची मुदत सात दिवसांची होती; खोका आमच्यापर्यंत पोहोचायलाच नऊ दिवस लागले होते. तिसऱ्या पत्राला उत्तर आले नाही. संच परत न घेणे एक वेळ समजू शकते, पण एक कार्ड बदलून द्यायला काय हरकत होती? विक्रीनंतरच्या सेवेला पाचांपैकी एक गुण, तोही पहिले उत्तर वेळेवर आले म्हणून.

दुसरी अडचण हवेची. खोक्याला ओलाव्यापासून संरक्षण नाही. डिसेंबरच्या दवाने नुसत्या झोपाळ्यावर राहिलेली दोन कार्डे सकाळी पापडासारखी वळली होती. ती जाड शब्दकोशाखाली चार दिवस दाबून सरळ केली. तेव्हापासून संच स्टीलच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते. जूनच्या आत ज्यांनी ही सोय केली नाही, त्यांनी बुरशीची तयारी ठेवावी. पुस्तिका बारीक अक्षरांत इंग्रजी आहे आणि पडवीच्या उजेडात वाचता येत नाही. मुले आणि वयस्क पाहुणे तिला हातही लावत नाहीत.

शाळेच्या ग्रंथालयासाठी हा संच जरूर घ्यावा, मात्र सोबत एक साधा तारानकाशा ठेवावा, म्हणजे आकाश नकाशातून आणि गोष्ट कार्डातून मिळेल. नुसते तारे ओळखायचे असतील, तर फोनवरचे फुकट अॅप यापेक्षा चांगले. खोका आल्याच्या दिवशीच दिव्यासमोर प्रत्येक कार्ड धरून भोके तपासावीत, आणि २९पासून सुरुवात करावी.

माझे २९वे कार्ड मी शेवटी स्वतःच दुरुस्त केले. गोणपाट शिवण्याचे दाभण घेऊन पट्ट्याच्या जागी तीन नवी भोके पाडली आणि मागून सरकलेल्या भोकांवर काळा कागद चिकटवला. राजन्याचे भोक दाभणाने जरा मोठेच झाले, पण तो तारा खरोखरच तेजस्वी आहे, म्हणून तसेच राहू दिले. काळ्या कागदाचा एक तुकडा मागच्या आठवड्यात निघाला. आता पाहुण्यांच्या मुलांना कमरपट्ट्यात चार तारे दिसतात, आणि चौथ्याचे नाव काय, असे ती विचारतात.